पायाच्या नखांचा हट्टी कुनख : चिकित्सेचे पर्याय आणि आपले कर्तव्य

आश्विन लागला, पाऊस ओसरला, की आमच्या चिकित्सालयात एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण वाढू लागतात. रुग्ण बहुधा दुसऱ्याच कारणाने आलेला असतो. अम्लपित्त, गुडघेदुखी, नातवाचा खोकला असे सर्व सांगून होते, चिठ्ठी लिहून होते, आणि उठता उठता तो पायातील चप्पल किंचित सरकवून विचारतो, "आणि हे एक नख जरा बघता का?" नख पिवळसर, जाड आणि ठिसूळ झालेले असते. त्याच्याखाली भुसा साठलेला असतो, कडा मांसापासून सुटलेली असते. विचारपूस केली की कळते, दुखणे पाच वर्षांचे आहे, क्वचित पंधरा वर्षांचे. आणि या काळात तीन मलमे, दोन तेले आणि कुणा पाहुण्याने सुचविलेला बिब्बा असे सर्व उपचार होऊन गेलेले आहेत.

या विकाराविषयी आपल्या वैद्यवर्गात दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एक म्हणजे, हा क्षुद्ररोग, त्यात काय एवढे, द्या एक करंजतेलाची बाटली. दुसरी म्हणजे, हे बुरशीचे काम, आपले नव्हे, पाठवा त्वचारोगतज्ज्ञाकडे. आम्ही स्वतः अनेक वर्षे पहिल्या भूमिकेत होतो. त्या भूमिकेची किंमत एका रुग्णाला मोजावी लागली, ती हकिकत पुढे येईलच. औषधालयांच्या चालकांनाही हा विषय जवळचा आहे, कारण वैद्याकडे पोहोचण्याआधी हा रुग्ण बहुतेक वेळा त्यांच्या फळीसमोर उभा राहून गेलेला असतो.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांचे वर्णन आहे. तेथे अभिघाताने दूषित होऊन रूक्ष, काळे व खरखरीत झालेल्या नखास कुनख म्हटले आहे. कुलीन ही त्याचीच दुसरी संज्ञा. त्याच अध्यायात नखाच्या मांसात वातपित्ताने दाह, वेदना व पाक उत्पन्न करणारा चिप्प सांगितला आहे, आणि दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या ओलसर होऊन कंडू, दाह व वेदना होणारा अलस सांगितला आहे. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे ज्याला चिखल्या म्हणतात, तो हाच अलस, हे कोकणात किंवा मावळात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

हे तीनही विकार एकाच अध्यायात, पायाच्या एकाच भागाशी निगडित असे आलेले आहेत, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. आज आपण ज्यास नखाचा बुरशीजन्य विकार म्हणतो, तो पुष्कळदा बोटांच्या बेचक्यांत सुरू होतो आणि तेथून नखाच्या मोकळ्या कडेखाली शिरतो. म्हणजे अलसाची उपेक्षा केली की कुनख येतो, हा क्रम प्रत्यक्षात दिसतो. तथापि कुनख म्हणजेच बुरशी, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. सुश्रुताने हेतू म्हणून अभिघात सांगितला आहे, जंतुसंसर्ग नव्हे. अभिघाताने सैल झालेल्या नखात बुरशीला वाट मिळते हे खरे असले, तरी नुसत्या अभिघाताने, विचर्चिकेसारख्या त्वग्विकाराने, किंवा वार्धक्यातील रूक्षतेनेही नख तसेच दिसू लागते. कुनख ही एक अवस्था आहे. तिची कारणे अनेक.

नख हा अस्थिधातूचा मल मानला आहे, आणि केश, दंत, अस्थी यांच्याबरोबर त्याची गणना पितृज भावांत केली आहे. या विचाराचा उपयोग आम्हांस एका बाबतीत विशेष होतो. मल हा धातूपाकाच्या शेवटी हळूहळू बाहेर पडणारा भाग आहे. नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो घडून गेलेला आहे. त्यास औषधाने सुधारता येत नाही. सुधारते ते मागून येणारे नख. हे रुग्णास पहिल्याच दिवशी समजले, तर पुढील निम्मा वाद टळतो.

जाता जाता एक गोष्ट. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सोने चोरणाऱ्यास कुनखी होण्याचे फळ सांगितले आहे. नखे विद्रूप झालेल्या मनुष्याकडे समाज कसा पाहत असे, याची त्यावरून कल्पना येते. आजही लग्नात सप्तपदीच्या वेळी पाय उघडे करावे लागणार म्हणून दोन महिने आधी धावत आलेली वरवधू आम्ही पाहिली आहेत. दोन महिन्यांत काही होणार नाही, हे त्यांना सांगणे आमच्या व्यवसायातील अप्रिय कामांपैकी एक आहे.

हट्ट कशाचा?

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. हाताचे नख याच्या दुप्पट, म्हणजे महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. हाताचे नख सहा महिन्यांत पूर्ण नवे येते, पायाच्या अंगठ्याच्या नखास बारा ते अठरा महिने लागतात. वृद्धांत व पायाचा रक्तपुरवठा मंद असलेल्यांत याहून अधिक. आज दिलेल्या सर्वोत्तम औषधाने उद्या सकाळी सर्व बुरशी नष्ट झाली, असे क्षणभर गृहीत धरले, तरीही नख स्वच्छ दिसण्यास एक वर्ष जावेच लागेल.

दुसरे कारण जागेचे. बहुतेक रुग्णांत दोषी असलेली ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी नखाच्या पृष्ठभागावर नसते, नखाच्या तळाशी व त्याखालील शय्येवर असते. तेथे ती केराटिनवर जगते. वरून लावलेल्या औषधास नखाची संपूर्ण जाडी पार करावी लागते. येथे आपल्या तेलांविषयी एक अडचणीची वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. त्वचेतून स्निग्ध द्रव्ये बऱ्यापैकी आत जातात, नखातून जात नाहीत. नखाची रचना पाणी धरून ठेवणाऱ्या दाट जाळीसारखी आहे. पाण्यात विरघळणारी द्रव्ये त्यातून अधिक सुलभतेने जातात, तेलकट द्रव्ये वरच राहतात. कडुनिंब किंवा करंज तेलाने परीक्षानळीत बुरशीची वाढ रोखली जाणे आणि जाड नखाखाली दडलेल्या बुरशीपर्यंत ते तेल पोहोचणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

मग आपले आचार्य तेल का सांगतात? याचे उत्तर चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात आहे, आणि ते नीट वाचले तर आश्चर्य वाटते. चिप्पात प्रथम उष्ण जलाने सेचन, मग उत्कर्तन करून स्राव काढणे, मग चक्रतैलाचा अभ्यंग, मग राळेच्या चूर्णाचे अवचूर्णन आणि बंध. हे न जमल्यास अग्निकर्म व त्यानंतर मधुर औषधांनी सिद्ध तेलाने रोपण. आणि कुनखातही हाच विधी करावा, असे सांगितले आहे. म्हणजे तेल हे तिसऱ्या पायरीवर आहे. आधी मृदू करणे, मग दूषित भाग काढून टाकणे, आणि मग औषध. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या आणि तिसरी बाटलीत भरून विकू लागलो. आधुनिक पादचिकित्सेतही आज क्रम हाच आहे. फरक इतकाच की तेथे मृदू करण्यासाठी चाळीस टक्के युरियाचे मलम पट्टीखाली बांधतात आणि नख घासण्यास यंत्र वापरतात.

निदानाची चूक

विद्रूप दिसणाऱ्या पायाच्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते, असे त्वचारोगशास्त्र सांगते. उरलेल्या निम्म्यांत सोरायसिस, लायकेन प्लेनस, घट्ट पादत्राणांचा वारंवार होणारा आघात, वार्धक्यात शिंगासारखे वळलेले नख अशी कारणे असतात. पाहून ओळखण्याचा आत्मविश्वास आम्हांसही होता.

एक निवृत्त बसचालक आमच्याकडे डाव्या अंगठ्याचे नख दाखवावयास आले. नख काळे, खरखरीत, एका बाजूने चिरलेले. काही महिन्यांपूर्वी अंगणातील फरशी पायावर पडल्याचे त्यांनी सांगितले. अभिघात झाला, नख काळे, रूक्ष, खर झाले. आमच्या मनात निदानस्थानातील लक्षणे एकामागून एक जुळत गेली आणि आम्हांस मोठे समाधान वाटले. लेखन, तेल, पोटात गंधक रसायन, असे पाच महिने चालले. नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवरही काळसर छटा पसरत होती. ती आम्ही दोनदा पाहिली आणि तेलाचा डाग समजलो. पुढे ते मुलाकडे गेले असता तेथील शल्यचिकित्सकाने ती छटा पाहून तुकडा तपासावयास पाठविला. तो मेलेनोमा होता, नखाखालील कर्करोग. अंगठा काढावा लागला. गृहस्थ आज हयात आहेत, अजूनही आमच्याकडे येतात, आणि त्यांनी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविलेला नाही. त्यामुळे ते अधिक लागते.

हा रोग दुर्मिळ आहे, हे खरे. परंतु सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलेनोमा होतो तेव्हा तळवे, तळपाय व नखे याच त्याच्या नेहमीच्या जागा असतात. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरील जखम प्रथम फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. १९७७ मध्ये तो मेलेनोमा असल्याचे निदान झाले आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे अनेक निरोगी व्यक्तींच्या एकाहून अधिक नखांवर करड्या रेषा जन्मजात वर्णामुळे असतात. त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंदावत जाणारी काळी रेषा, नखाच्या मुळाशी त्वचेवर उतरलेला काळेपणा, किंवा न भरणारा व्रण दिसला, तर तेल लावू नये, त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवावे. नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि त्याच्या मागे स्वच्छ नख दिसू लागते. दोन महिन्यांत डाग पुढे सरकला नाही, तर ते रक्त नव्हे. हाताशी मोजपट्टी धरून मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवण्यास काहीही खर्च येत नाही.

बुरशीच्या निश्चितीसाठी नखाच्या भुशाची पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा ती होऊ शकते व अल्पखर्चिक आहे. बुरशीची जात ओळखण्यासाठी संवर्धन करावे लागते, त्यास चार आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. नखाचा तुकडा विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत विशिष्ट रंजकाने रंगवून पाहणे ही अधिक संवेदनशील पद्धत होय. नमुना घेण्यातच बहुतेक चुका होतात. नखाचे टोक कापून पाठविले तर अहवाल नकारार्थी येतो, कारण टोकाशी बुरशी बहुतांशी मृत असते. सुटलेले नख शक्य तितके मागेपर्यंत कापावे, आणि जेथे निरोगी नखाची हद्द सुरू होते त्या रेषेजवळचा भुसा खरवडून घ्यावा. त्यापूर्वी दोन आठवडे कोणतेही तेल अथवा मलम लावू नये. एकदा नकारार्थी आलेला अहवाल अंतिम समजू नये. संशय असल्यास पुन्हा नमुना पाठवावा.

पर्यायांची छाननी

औषधांच्या यशाचे आकडे वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा. बुरशी नाहीशी झाल्याचे तपासणीत दिसणे हे एक, आणि बुरशी नाही व नखही पूर्ण स्वच्छ झाले हे दुसरे. दुसऱ्यास पूर्ण आराम म्हणतात. रुग्णाच्या मनात असतो तो हाच, आणि हा आकडा नेहमी पुष्कळ लहान असतो.

पोटातून घ्यावयाच्या औषधांत टर्बिनाफिन अग्रभागी आहे. पायाच्या नखांसाठी रोज २५० मिलिग्रॅम, बारा आठवडे. हातासाठी सहा आठवडे. अमेरिकेत मान्यतेसाठी सादर झालेल्या चाचण्यांत पायाच्या नखांबाबत बुरशी नाहीशी होण्याचे प्रमाण ७० टक्के, तर पूर्ण आरामाचे ३८ टक्के होते. उपलब्ध औषधांत हे सर्वांत समाधानकारक, तरीही शंभरातील बासष्टांचे नख पूर्ण स्वच्छ झाले नाही, हे विसरू नये. इट्राकोनाझोल रोज २०० मिलिग्रॅम बारा आठवडे, किंवा महिन्यातून एक आठवडा दुप्पट मात्रेत, अशा तीन आवर्तनांत देतात. ग्रिसिओफल्विन वर्षभराहून अधिक काळ द्यावे लागत असे व फळ अल्प. नखांसाठी ते आता मागे पडले आहे. केटोकोनाझोलच्या गोळ्या यकृतास होणाऱ्या अपायामुळे नखाच्या विकारात देऊ नयेत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्पष्ट केले.

ही औषधे अनुसूची 'एच'मधील आहेत. ज्यांना ती लिहिण्याचा कायद्याने अधिकार आहे त्यांनीच ती लिहावीत, आणि लिहिणाऱ्याने यकृताची तपासणी आधी करावी. यकृतविकार असल्यास टर्बिनाफिन नको. हृदयाची क्रिया दुर्बळ असल्यास इट्राकोनाझोल नको. इट्राकोनाझोल घेणाऱ्याने सिम्वास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलवरील गोळी चालू ठेवू नये. टर्बिनाफिनने काहींची चव जाते, क्वचित महिनोन्महिने. असा रुग्ण अरुची म्हणून आपल्याकडे येतो आणि आपण त्याला आले-लिंबू देत बसतो. म्हणून इतर औषधे विचारण्याची सवय ठेवावी. येथे आपल्या वैद्यबंधूंस विशेष विनंती की, तिकडे टर्बिनाफिन चालू असताना इकडे आरोग्यवर्धिनीसारखे ताम्र व पारदयुक्त कल्प त्याच काळात देऊ नयेत. यकृताचे आकडे वाढले, तर दोष कोणाचा हे मग कोणालाच सांगता येत नाही.

गेल्या दशकात भारतात त्वचेच्या दद्रूमध्ये टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी मोठ्या प्रमाणात आढळली. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले. नावातच आपला देश आला आहे. तिचा मुख्य उपद्रव त्वचेवर असला तरी नखही तिला वर्ज्य नाही. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा अनिर्बंध वापर या दुरवस्थेस हातभार लावणारा ठरला, असे त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टिरॉइडांना २०१८ मध्ये अनुसूची 'एच'मध्ये आणले गेले, ते याच पार्श्वभूमीवर.

नखावर लावावयाच्या लाखेसारख्या औषधांत सायक्लोपिरॉक्स आठ टक्के रोज लावतात. दोन चाचण्यांत पूर्ण आरामाचे प्रमाण ५.५ व ८.५ टक्के इतकेच आले. अमोरोल्फिन पाच टक्के आठवड्यातून एकदा-दोनदा लावतात. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या एफिनाकोनाझोलने वर्षभराच्या वापरानंतर १५ ते १८ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. लेझरविषयी शहरांत मोठ्या जाहिराती दिसतात. अमेरिकेत २०१० पासून अशा यंत्रांना जी परवानगी मिळाली ती स्वच्छ नखाच्या तात्पुरत्या वाढीसाठी आहे, बुरशी समूळ बरी करण्यासाठी नव्हे.

वनस्पतिज द्रव्यांत टी ट्री तेलाचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने दिवसातून दोनदा, एका गटास शुद्ध टी ट्री तेल व दुसऱ्यास एक टक्का क्लोट्रिमाझोल. दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के रुग्णांचे नख दिसावयास अंशतः वा पूर्णतः सुधारले, परंतु संवर्धनात बुरशी नाहीशी झाली ती तेलाच्या गटात १८ व दुसऱ्या गटात ११ टक्क्यांत. मग साठ टक्क्यांचे नख सुधारले कशाने? दोन्ही गटांतील रुग्णांचे नख ठरावीक काळाने घासून पातळ केले जात होते. आमच्या मते या अभ्यासाचे खरे फलित तेल नसून कानस आहे.

आमची पद्धती

आता आम्ही काय करतो ते सांगतो. याची आकडेवारी आमच्यापाशी नाही आणि तसा दावाही नाही.

एक किंवा दोन नखे, तीही टोकाकडून निम्म्याहून कमी बाधित, मूळ सुरक्षित, मधुमेह नाही, असा रुग्ण आम्ही स्वतः ठेवतो. त्रिफळा व कडुनिंबाच्या कोमट क्वाथात पाय पंधरा मिनिटे बुडवून ठेवावयाचे. नख मऊ झाले की सुटलेला भाग कापावयाचा आणि उरलेला कानसेने घासून पातळ करावयाचा. रक्त येईपर्यंत नव्हे, गुलाबी शय्या जेमतेम जाणवू लागेपर्यंत. पहिल्यांदा आम्ही करतो, पुढे दर आठवड्याला रुग्ण घरी करतो, महिन्यातून एकदा आम्ही पाहतो. त्यानंतर पाय पूर्ण कोरडा करून नखाच्या कडेखाली मरिच्यादी किंवा करंज तेलाचे दोन थेंब. बेचक्यांत चिखल्या असतील तर तेथे तेल मुळीच नाही. पंचवल्कल क्वाथाने धुऊन कोरडे करणे व स्फटिका भस्माचे अवचूर्णन. सुश्रुताने अलसात कांजीने सेचन व निंब, तीळ, कासीस, आल आणि सैंधव यांचा लेप सांगितला आहे. त्यातील आल म्हणजे हरताळ. तो सोमलाचा योग असल्याने भेगा पडलेल्या त्वचेवर घरगुती वापरास आम्ही देत नाही. पोटात प्रकृती व अग्नी पाहून गंधक रसायन आणि मंजिष्ठादी क्वाथ, तीन महिने. यांनी नखातील बुरशी मरते असे आम्ही म्हणत नाही. कंडू व त्वचेचा संसर्ग आटोक्यात राहण्यास साहाय्य होते, एवढाच आमचा अनुभव.

निम्म्याहून अधिक नख गेले असेल, मूळ बाधित असेल, तीन-चार नखे असतील, अथवा सहा महिन्यांत मुळाशी स्वच्छ नखाची पट्टी दिसू लागली नाही, तर आम्ही रुग्णास पोटातील बुरशीनाशकाविषयी सांगतो आणि तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. लेखनकर्म मात्र आम्हीच चालू ठेवतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या गर्दीत नख घासावयास कोणास वेळ नसतो, आणि येथेच आपला खरा उपयोग आहे.

मधुमेह्याची गोष्ट निराळी. जाड नखाच्या दाबाने खाली व्रण होतो, संवेदना नसल्याने कळत नाही, आणि तेथून पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. अशा रुग्णास 'उष्ण जल' एवढेच सांगून सोडणे धोक्याचे आहे. बधिर पाय उकळत्या पाण्यातही स्वस्थ बसतो. पाणी घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने पाहावे. क्षारकर्म, अग्निकर्म व बिब्बा या रुग्णांत पूर्णतः वर्ज्य समजावेत. बिब्ब्याने भाजलेला अंगठा आम्ही मधुमेह नसलेल्यांतही पाहिला आहे आणि तो भरावयास दोन महिने लागले.

औषधालयचालकांसाठी

आपल्या फळीवरील नखाच्या तेलाच्या बाटलीवर 'पंधरा दिवसांत खात्रीने' असे छापलेले असेल, तर वरील दीड मिलिमीटरचा हिशोब आठवावा. पंधरा दिवसांत पाऊण मिलिमीटर नख येते. असे खोटे आश्वासन देणारी बाटली विकू नये. परत येणारा रुग्ण उत्पादकाशी नव्हे, आपल्याशी भांडतो. 'आयुर्वेदिक' म्हणून आलेले आणि दोन दिवसांत खाज थांबविणारे, मूळ उत्पादकाचा पूर्ण पत्ता व परवाना क्रमांक नसलेले मलम संशयास्पद समजावे. त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता असते.

चक्रतैल म्हणजे घाण्यातून नुकतेच निघालेले तेल, असा टीकाकारांचा अर्थ आहे. उन्हात ठेवलेले, खवट वास येणारे तेल सिद्ध असो वा नसो, जखमी त्वचेवर आग करते. लहान बाटल्या, गडद काच, बारीक थेंबनळी, आणि सोबत एक साधी कानस ठेवावी. कानस प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र, हेही सांगावे. घरातील सर्वांचा एकच नेलकटर असणे, हे एकाच्या नखाचा रोग चौघांत जाण्याचे आम्ही पाहिलेले सर्वांत सामान्य कारण आहे. रोग बरा झाल्यानंतर पुन्हा उलटण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत दहा ते पन्नास टक्के सांगितले आहे. जुने बूट, ओले मोजे आणि उपेक्षित चिखल्या हीच त्याची बहुतेक वेळा कारणे. गमबूट घालून काम करणाऱ्यास दोन जोड्या आलटून पालटून वापरण्यास सांगावे, म्हणजे एक जोडी दिवसभर उन्हात वाळते. सुती मोजे रोज धुतलेले हवेत. बेचक्यांतील खाज पुन्हा सुरू होताच उपचार सुरू करावा, नखाची वाट पाहू नये.

आमच्याकडे येणारे एक भातशेतकरी आहेत. तिसऱ्या महिन्यात ते वैतागून म्हणाले होते, "वैद्यबुवा, नख माझं, बाटल्या तुमच्या. आधी काय संपतंय ते बघू." त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या नखावर मुळाशी कानसेने एक बारीक आडवी खूण करून ठेवतो आणि ती किती पुढे सरकली ते दर महिन्यास त्यांनाच मोजावयास देतो. चौदा महिने झाले. नख दोन तृतीयांश स्वच्छ आले आहे. बाहेरच्या कोपऱ्यात थोडा पिवळेपणा अजून आहे. मागील भेटीत त्यांनी पत्नीसही आणले. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा नमुना काढून आम्ही तपासणीस पाठविला आहे, आणि अहवाल येईपर्यंत तिला तेल दिलेले नाही.